बावीसचा कंडेन्सर

नवतपा लागला होता. ब्रह्मपुरीत त्या नऊ दिवसांत भर दुपारी रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर दवाखान्यात निघालेला असतो किंवा त्याच्या घरचा कूलर बंद पडलेला असतो. इथे हवामान खात्याचं केंद्र आहे, आणि दर उन्हाळ्यात तापमानाच्या बातमीत गावाचं नाव झळकतं. त्याचा अभिमान बाळगावा की काय करावं, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. आमचा कूलर फिरत होता, पण म्हाताऱ्या बैलासारखा. मी त्याची मोटर आणि कंडेन्सर पिशवीत घालून काकाजींच्या दुकानाकडे निघालो. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा पाठीला इलेक्ट्रिक गिटार लावून मागोमाग आला.

काकाजी नात्याने माझे कुणी नाहीत. अख्ख्या गल्लीचेच काकाजी आहेत. आधी वाल्व्हचे रेडिओ, मग कृष्णधवल टीव्ही, आता कूलरच्या मोटरी आणि इंडक्शनच्या चुली. मात्र दिवाळीनंतर मंडयांच्या जत्रा भरू लागल्या, बैलांचे शंकरपट सुरू झाले, वैनगंगेपलीकडे वडशाच्या नाट्यमंडळांची धावपळ सुरू झाली, की काकाजी कूलरवाले राहत नाहीत, साउंडवाले होतात. आमच्या या झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, आणि संगीत मंचासमोर बसून तिथल्या तिथे वाजवलं जातं. त्या वाजवणाऱ्यांचे अँप्लिफायर जिवंत ठेवायचं काम हिवाळाभर काकाजींकडे असतं.

भाच्याने काउंटरवर एक छोटी डबी ठेवली. आत कापसावर, दागिना ठेवावा तसा, एक कंडेन्सर होता. तेलात भिजवलेल्या कागदाचा.

“कितीचा?”

“चौदाशे.”

काकाजींनी तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. “चौदाशेत तं माह्या दुकानातले सगरे कंडेन्सर येतीन, अन् वरून डबा फुकट.” (त्यांच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. मी मास्तर होतो तेव्हा पोरांच्या वह्यांत हे लाल शाईने सुधारत असे. आता वाटतं, शाई वाया गेली.)

“काकाजी, हा साधा नाही. 1950 च्या दशकातल्या गिटारींमध्ये असे असायचे. त्या गिटारींचा आवाज आज कुणाला जमत नाही. आवाज म्हणजे नुसता आकडा नसतो. लाकूड, तार, चुंबक, कंडेन्सरमधला कागद, तेल, सगळं त्यात उतरतं.”

“इजेले जात नाही समजत, बाबू. तिले आकडा समजते. याच्यावर काय लिवलं हाय?”

“पॉइंट झीरो टू टू मायक्रोफॅरड.”

“म्हंजे बावीस नॅनो. अन् तुह्या गिटारीत आता जो हाय तो?”

गिटारच्या पांढऱ्या पत्र्याचे अकरा स्क्रू निघाले. आत तीन पिकअप, तीन कंट्रोल, एक स्विच आणि चण्याच्या डाळीएवढी एक तपकिरी चकती. तिच्यावर 223. म्हणजे 22 वर तीन शून्यं, बावीस हजार पिकोफॅरड. तोच बावीस नॅनो.

“पाह्य. दोन रुपयाचा बावीस अन् चौदाशेचा बावीस. बावीस म्हंजे बावीस.”

भाच्याने मान हलवली. इथपर्यंत दोघेही हटवादी होते, आणि मला कूलरची काळजी होती.

काकाजींनी मग मला समजावलं, कारण भाचा समजून घेण्याच्या पलीकडे गेला होता. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत इवलीशी वीज उमटते. “ते समजा बांधीतलं पानी. व्हॉल्यूम म्हंजे पाटाचं दार. टोन म्हंजे धुऱ्याले पाडलेलं भोक. भोकाले कंडेन्सरची चारनी लावली हाय. बारीक सूर चारनीतून निंगून जमिनीत जाते, जाडा सूर बांधीत रायते. अन् टोनचा फिरवायचा कान म्हंजे त्या भोकासमोर ठेवलेला गोटा. कान दहावर असला तं गोटा मोठा, काहीच गरत नाही. शून्यावर आनला तं गोटाच नाही, सगरा बारीक सूर गेला.”

मी तीस वर्षं गणित शिकवलं, पण इतकं सरळ कधी शिकवलं असेन असं वाटत नाही.

“आता सांग,” काकाजी भाच्याकडे वळले, “वाजवतानी टोनचा कान कितीवर ठेवतो?”

“दहावर.”

“कवा खाली आनतो?”

“नाही. खाली आणला की आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा होतो.”

“मंग लेका, समोर गोटा अडीचशे किलो-ओहमचा, अन् तू त्याच्यामागची चारनी सोन्याची बसवून रायला!”

भाचा लाल झाला. दहावर ठेवलेल्या टोनमागे कुठला कंडेन्सर आहे, हे कानाला जवळजवळ कळतच नाही. तो मानी नसता तर लगेच हे कबूल केलं असतं. पण तो निराळ्याच वाटेने आला. “क्लॅप्टन 1967 च्या सुमाराला टोन शून्यावर आणून वाजवायचा. माणूस गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. मलाही तसं वाजवायचंय. शून्यावर तरी फरक पडेल ना? लावून बघू.”

हे काकाजींना पटलं. वाद घालण्यापेक्षा क्लिपा लावणं त्यांना केव्हाही पसंत. त्यांनी चकतीचं एक टोक सुटं केलं, चार मगर-क्लिपा काढल्या, भाच्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मानेजवळचा पिकअप, टोन शून्यावर. कुठला कंडेन्सर कधी लावायचा हे मी नाणं उडवून ठरवणार. आणि भाच्याने वाजवायची ‘कर्ज’मधली, 1980 सालची, गोरख शर्मांच्या गिटारवरची ती धून. ही अट काकाजींची. ते म्हणाले, ओळखीचं गाणं असलं की कान फसत नाही.

दहा फेऱ्या झाल्या. भाच्याने नऊ वेळा बरोबर ओळखलं.

काकाजींचा खर्रा थांबला. “परत.” परत नऊ.

“चौदाशेचा जास्त गडद आहे, काकाजी. तुमचा जरा उघडा. मी म्हटलं होतं.”

अशा वेळी माणसं एक तर चिडतात किंवा मोजतात. काकाजींनी मीटर काढलं. चौदाशेचा भरला 26.1 नॅनो. चकती भरली 18.4. छापलेलं दोन्हीवर बावीसच! असे भाग वीस टक्के इकडेतिकडे असले तरी कारखाना त्यांना पासच करतो. मी कागद ओढला. पिकअपची अडीच हेन्री धरली, कंडेन्सर तिच्याशी जोडला, की आवाजाचा उंचवटा कुठे येतो याचं सूत्र शाळेतलंच: दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाला दोन पायने गुणायचं आणि त्या संख्येने एकाला भागायचं. एकाचा उंचवटा आला 623 हर्ट्झवर, दुसऱ्याचा 742 वर. पेटीवर मोजलं तर तीन पट्ट्यांचा फरक. तो कुणालाही ऐकू यावा.

काकाजींनी डब्यातून 822 ची, म्हणजे 8.2 नॅनोची, एक बारकी चकती काढून पहिल्या चकतीला समांतर जोडली. मीटर 26.3. “आता वाजव.”

दहापैकी चार बरोबर. पुन्हा केलं, सहा. म्हणजे नाणं उडवून जितकं बरोबर यावं तितकंच.

मला हा प्रसंग फार आवडला, आणि काकाजी जिंकले म्हणून नव्हे. भाच्याच्या कानाने खोटं सांगितलं नव्हतं. फरक होता, त्याला तो भिंतीकडे तोंड करून ऐकू आला. त्याने फक्त त्या फरकाला चुकीचं नाव दिलं; आकड्याचं श्रेय तेलाला गेलं. आणि काकाजींचं ‘बावीस म्हंजे बावीस’ हेही खरं ठरलं नाही, कारण बावीस हे फक्त छापलेलं होतं. ऐकणाऱ्याला वेड्यात काढायची आपल्याकडे घाई असते. त्याआधी मीटर काढायला हवं.

भाचा एवढ्यावर थांबला नाही. “पण काकाजी, तुमची चकती अठरावर आली कशी? इतकी कमी?”

दुकानात तेव्हा चाळीसच्या वर तापमान असणार. काकाजी काही न बोलता तापलेला सोल्डरिंग आयर्न चकतीच्या जवळ घेऊन गेले, टेकवला नाही. मीटरचे आकडे घसरायला लागले. सतरा, सोळा, चौदा. बाजूला घेतला, हळूहळू पुन्हा वर. मग चौदाशेच्या कंडेन्सरजवळ धरला. आकडा जागचा फारसा हलला नाही.

“हे स्वस्तातलं सिरॅमिक हाय,” ते म्हणाले. ज्या सुरात म्हणाले त्यात हार होती. या जातीच्या चकतीला कारखानाच सूट देतो: दहा ते पंच्याऐंशी अंशांमध्ये तिची क्षमता निम्म्याहून खाली गेली तरी चालेल.

“म्हणजे विजेला जात कळत नाही, पण कंडेन्सरला ऊन कळतं,” भाचा म्हणाला. “आणि आपण ब्रह्मपुरीत आहोत.”

काकाजी हसले. मग डब्यातून एक हिरवा, चपटा, गुळगुळीत कंडेन्सर काढला. मायलर. तीन रुपये. भरला 22.3, आयर्न जवळ नेला तरी बावीसच्या आसपास. “हा लाव. तेलबी नाही अन् चकतीबी नाही.” या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं आणि मी पिशवीतला कूलरचा कंडेन्सर पुढे सरकवला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

कारण भाच्याची मूळ तक्रार वेगळीच होती, आणि ती आता कुठे बाहेर आली. “दिवाळीपर्यंत ही गिटार गोड वाजायची. दिवाळीनंतर टोचायला लागली. आणि व्हॉल्यूम खाली आणला तर आधी काही होतच नाही, मग एकदम आवाज मरतो. म्हणून मला वाटलं, कंडेन्सर गेला.”

“दिवारीले तुह्या गिटारीले काय झालं होतं?”

“व्हॉल्यूम खरखरत होता. तुम्ही बदलून दिला होता.”

दुकानात कूलर नव्हता, तरी क्षणभर गार वाटलं.

काकाजींनी चष्मा पुसून व्हॉल्यूमच्या कंट्रोलची पाठ उजेडात धरली. बी-500-के. काही न बोलता ते मागच्या फळीकडे गेले. ते जुना भाग फेकत नाहीत. बिस्किटांच्या डब्यात सगळं असतं. बराच वेळ खळखळ ऐकू आली. जुना कंट्रोल निघाला. पाठीवर ए-250-के.

“सगरे कंट्रोल सारखेच, म्हटलं होतं मी,” ते स्वतःशीच म्हणाले.

दोन चुका होत्या. आकडा दुप्पट झाला होता. पिकअपला व्हॉल्यूमचा आणि टोनचा असे दोन गोटे एकदम समोर दिसतात. दोन्ही अडीचशेचे असताना त्यांचा मिळून भार सव्वाशे किलो-ओहम, एक पाचशेचा केला की 167. पिकअपचा स्वतःचा एक ठणका असतो, वरच्या सुरात. भार हलका झाला की तो ठणका उघडा पडतो. टोचतो. म्हणून तर एका वेटोळ्याच्या, चरचरीत पिकअपला 250 वापरतात आणि दोन वेटोळ्यांच्या, जाड आवाजाच्या हमबकरला 500. फेंडरने 1958 साली जॅझमास्टर काढली तेव्हा तिच्यात थेट एक मेगाओहमचे कंट्रोल घातले होते. ठणका हवा की नको, हे अशा आकड्यांनी ठरवलं जातं.

दुसरी चूक अक्षराची. काकाजींनी दोन्ही कंट्रोलचे कान बरोबर मध्यावर आणून मीटर लावलं. नव्याचं 248 किलो, म्हणजे बरोबर अर्धं. जुन्याचं 31, म्हणजे आठवा हिस्सा. ‘बी’ हा सरळ चढाचा, ‘ए’ हा कानाच्या चालीचा. आपल्या कानाला निम्मी वीज म्हणजे निम्मा आवाज वाटत नाही. निम्मी केली तर जरासाच कमी वाटतो, सहा डेसिबल. त्यामुळे ‘बी’चा कान दहावरून पाचवर आणला तरी काही घडत नाही, आणि जे घडायचं ते शेवटच्या दोन आकड्यांत एकदम घडतं.

हे बोलणं चालू असतानाच काकाजी थांबले. मला वाटतं आम्हा तिघांनाही तीच रात्र आठवली. गेल्या पौषात एका गावच्या शंकरपटाला, रात्रीच्या नाटकात, भाचा हौसेने वाजवणाऱ्यांत जाऊन बसला होता. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि कोपऱ्यात ही गिटार. नायिका रडत बोलत होती, आणि भाचा करंगळीने व्हॉल्यूम खाली ओढत होता. आवाज उतरेना. अजून ओढला, अजून, आणि एकदम गिटार गायब. प्रवेश संपताना वर आणायला गेला तर अंगावर आल्यासारखी किंचाळली. पुढच्या रांगेत हशा. साउंडवर काकाजीच होते. मध्यंतरात त्यांनी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं होतं की पोराच्या हाताले अंदाज नाही.

“अंदाज तुह्या हाताले होता,” ते आता म्हणाले. “कंट्रोल माहा होता.”

एवढंच. माफी वगैरे शब्द झाडीत फारसा वापरत नाहीत. त्याऐवजी त्यांनी जुन्या कंट्रोलच्या फटीत क्लीनर मारला आणि पन्नासएक वेळा तो इकडून तिकडे फिरवला. आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावर धूळ आणि झिजलेला कार्बन बसला की खरखर येते. दहातल्या आठ वेळा बदलायची गरजच नसते. खरखर गेली. तोच त्यांनी परत गिटारीत बसवला.

“मग दिवाळीला हेच का नाही केलं?” भाच्याने विचारलं.

“गिऱ्हाइकाले नवा पायजे असते, बाबू.” यावर वाद झाला नाही.

एक मुद्दा मात्र उरला, आणि तो भाच्याचाच होता. व्हॉल्यूम कमी केला की आवाज नुसता लहान होत नाही, मातकटही होतो. काकाजींना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते लहान आवाज मातकट वाटतोच. पण इथे केबल मध्ये येते. गिटारच्या केबलमध्ये मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड क्षमता असते, म्हणजे केबल हाही एक कंडेन्सरच. मी पुन्हा कागद घेतला: तीन मीटर केबलला पिकअपचा ठणका पाच हजार हर्ट्झच्या आसपास येतो, दहा मीटरला तीन हजारांवर उतरतो. चौदाशेच्या कंडेन्सरवर दुपार घालवली, आणि केबलचा विचार कुणी केला नव्हता. व्हॉल्यूम अर्ध्यात आणला की कंट्रोलचा रोध आणि केबलची क्षमता मिळून न मागता एक टोन-कंट्रोल तयार करतात. उपाय छोटा: कंट्रोलच्या वरच्या आणि मधल्या पायावर एक नॅनोचा कंडेन्सर आणि त्याला समांतर दीडशे किलोचा रेझिस्टन्स. बारीक सुराला बाजूची वाट मिळते. काकाजींनी लावला, कान पाचवर आणला, भाच्याने ‘कर्ज’ छेडलं.

“हव,” काकाजी म्हणाले. “खरं हाय तुह्यं.”

त्यांनी माझा कूलरचा कंडेन्सर शेवटी मीटरला लावला. छापलेला चार मायक्रोफॅरड, भरला 2.6. “याची जात पुसू का आकडा, गुरुजी?” मी नवा घेतला. संध्याकाळी कूलर धावला.

चौदाशेचा कंडेन्सर भाच्याने गिटारीत लावला नाही; कापसावर ठेवून पुण्याला परत नेला. नाणं उडवून घेतलेल्या परीक्षेनंतरही त्याला तो आवडतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. आता तो टोनचा कान कधी चारवर, कधी शून्यावर आणतो. माझ्या मते त्या दुपारची खरी कमाई ती, कारण जो कान कधी पिळलाच नाही त्याच्यामागे काय बसवलंय याला अर्थ नव्हता.

तुमची गिटार असो, बेंजो असो की देवळातला अँप्लिफायर, कंट्रोल बदलायला द्याल तेव्हा जुना परत मागून घ्या. त्याच्या पाठीवर एक अक्षर आणि एक आकडा छापलेला असतो. नवा बसवण्याआधी दोन्ही जुळतात का, ते दुकानातच पाहा.